खंजिराच्या पात्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा गंज येतोय? पॅटिनाला धक्का न लावता मूळ शोधा

तक्रार ठरलेली असते. जुन्या लष्करी खंजिराचे पाते छान काळपट-तपकिरी झालेले आहे (वर्षानुवर्षे धातूवर चढलेला हा थर म्हणजेच पॅटिना), पण गार्डजवळ, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या पट्टीजवळ, किंवा मधल्या कण्यालगत टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका दिसतो. पुसून तेल लावले की तो जातो आणि तीन-चार आठवड्यांनी बरोबर त्याच जागी परत उगवतो. दोन-तीन वेळा असे झाले की माणूस वैतागून स्टीलवूल किंवा व्हिनेगर हातात घेतो, आणि शंभर वर्षांत चढलेला रंग अर्ध्या तासात उतरतो. ठिपका मात्र पुढच्या महिन्यात हजर.

ठिपका त्याच जागी येत असेल तर त्याला तिथे काहीतरी खाद्य मिळते आहे. बहुतेक वेळा ते खाद्य म्हणजे खड्ड्याच्या तळाशी अडकलेले मीठ, म्हणजेच क्लोराइड. वरून कितीही पुसले तरी ते तिथेच राहते. म्हणून आधी निदान, मग उपाय.

हा पॅटिनाच आहे ना?

दहापट भिंग घ्या आणि दिव्याचा प्रकाश तिरका पाडा. स्थिर पॅटिना धातूला घट्ट चिकटलेला, सलग आणि गुळगुळीत दिसतो. रंग काळा, निळसर काळा, राखाडी किंवा गडद तपकिरी असतो. कोरड्या पांढऱ्या सुती कापडाने दाबून पुसला तर कापडावर फार तर करडी छटा येते. चालू गंजाचा रंग उजळ नारिंगी किंवा पिवळसर असतो. त्याची पूड सुटते आणि कापडावर स्पष्ट डाग पडतो.

मिठाचा गंज भिंगाखाली लगेच ओळखू येतो. खड्ड्याची कड काळी आणि शाबूत असते, मध्यभाग नारिंगी असतो, आणि हवा दमट असेल तर त्या मध्यभागी घाम फुटावा तसा पिवळट-तपकिरी सूक्ष्म थेंब चमकतो. लोहाचे क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेते, त्याचा हा थेंब. तो वाळला की जागेवर पातळ पोकळ कवच उरते आणि टूथपिक लावताच फुटते. असे एक जरी कवच दिसले तरी नुसत्या तेलाने हा गंज थांबणार नाही हे धरून चाला.

ठिपका कुठे आहे, यावरून कारण

गंजाची जागा नीट पाहिली तर निम्मे निदान तिथेच होते. पाते कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, दोन्ही बाजूंचे ठिपके त्यावर मांडा, आणि त्याच दिव्याखाली त्याच कोनातून फोटो काढून ठेवा. पुढे तुलना करायला हा नकाशाच कामी येतो.

ठिपके एकाच बाजूला लांबट पट्ट्यासारखे असतील तर म्यानाकडे बोट दाखवा. चामड्यात कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार असतात, शिवाय चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते. पाते म्यानात टेकते तिथेच पट्टा उमटतो. पत्र्याच्या म्यानातही आत गंजाची पूड साचलेली असते. म्यान उलटे करून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा, लालसर भुकटी पडली की कळेल.

गार्डला लागून बारीक रेघ येत असेल तर ओलावा मुठीतून येतो आहे. पात्याचा मुठीत शिरणारा भाग, म्हणजे टँग, आणि गार्ड यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शोषले जाते आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर झिरपते. कोणीतरी खंजीर वाहत्या पाण्याखाली धुतला असेल तर हे हमखास होते. चामड्याच्या चकत्यांची मूठ असलेल्या खंजिरांत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या १९४३ च्या एम३ मध्ये, हा त्रास जास्त. चकत्या आकसल्या की त्यांच्यामधून टँगपर्यंत थेट वाट मोकळी होते.

कमानीसारखे किंवा बोटाच्या पेराएवढे डाग हे घामाचे. घामात मीठ असतेच. खंजीर दाखवताना पात्याला लागलेले एक बोटही पुरते, आणि डाग कधी कधी काही दिवसांनी दिसू लागतो.

एका रात्रीत सगळीकडे बारीक नारिंगी साय धरली असेल तर दव पडले. हवा ३० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ अंशांवर येतो. वातानुकूलित खोलीत २० अंशांवर थंड झालेले पाते अशा हवेत उघडले की त्यावर क्षणात पाणी जमते. खंजीर बंद पिशवीतच दोन-तीन तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा.

पाचवे कारण सर्वांत त्रासदायक आहे. ठिपके सगळ्या पात्यावर विखुरलेले, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी, अक्षरांच्या खाचांत आणि गार्डखाली सारखेच येत असतील तर पाते कधीतरी रसायनात बुडवलेले आहे. गंज काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले असेल, किंवा मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, फेरिक क्लोराइड, ब्लीच यांपैकी काहीतरी लावून पॅटिनाच बनवलेला असेल. ही सगळी क्लोराइडची किंवा क्लोराइड मागे ठेवणारी रसायने आहेत. घाईत बनवलेला पॅटिना नीट धुतलेला नसतो, आणि काही महिन्यांतच पाते आपले बिंग फोडते.

त्यामुळे सर्वत्र परतणारा गंज हा अस्सलपणाबद्दलचाही इशारा समजा आणि भिंग पुन्हा उचला. नैसर्गिक पॅटिना सारखा कधीच नसतो. हात आणि कापड लागणाऱ्या उंच कडांवर तो पातळ, तर गार्डच्या कोपऱ्यात आणि खोलगट भागात गडद असतो. म्यानातून काढ-घाल केल्याच्या लांब ओरखड्यांचे थर दिसतात: जुने ओरखडे पुन्हा काळवंडलेले, नवे उजळ. ठशातल्या अक्षरांच्या कडा टोकदार राहतात आणि तळाशी वाळलेल्या तेलाचा कडक काळा थर असतो. आम्लात बुडवलेल्या पात्यावर अक्षरांच्या कडा विरघळून बोथट होतात, खड्डे जवळपास एकाच खोलीचे दिसतात, आणि म्यानाच्या तोंडाआड कायम झाकलेला भागही उघड्या भागाइतकाच काळा असतो. कोल्ड ब्लू (पोलाद न तापवता काळे करणारा द्रव) लावलेले पाते तिरक्या उजेडात किंचित तांबूस मारते, कारण त्या द्रवात बहुधा तांब्याचा क्षार असतो. तो नीट निष्प्रभ केला नाही तर त्यानेही गंज येतो.

एक गल्लत नेहमी होते. सगळे काळे-करडे म्हणजे पॅटिना नव्हे. एम३ च्या पात्यावरचा करडा, खरबरीत थर हा बहुतेकदा कारखान्यात केलेला फॉस्फेटचा लेप असतो. जुन्या ग्रीसमुळे त्याला हिरवट झाक येते, ती तशीच राहू द्या. हा लेप सच्छिद्र असून तेल धरून ठेवण्यासाठीच केलेला असतो. त्याला फक्त पातळ तेल पुरे, घासणे अजिबात नको.

मीठ आहे की नाही, याची चाचणी

अंदाजावर न जाता एकदा तपासून घ्या. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवून तपकिरी बाटलीत ठेवा. ते त्वचेवर काळे डाग पाडते, म्हणून नायट्राइल हातमोजे आणि चष्मा हवाच. ठिपक्यावरची सैल पूड काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा पंधरा मिनिटे तिथे ठेवा आणि मग काचेच्या नळीत सुमारे ५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळा. विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. नळी काळ्या कागदापुढे धरा. पांढरा धुरकट ढग दिसला तर क्लोराइड आहे.

दुसऱ्या नळीत तोच कापूस आणि तेच पाणी, पण पात्याला न लावलेले, असा तुलनेचा नमुना करायलाच हवा. कापसात किंवा हाताच्या घामात असलेले मीठही ढग देते. नळाचे पाणी तर जवळपास नेहमीच ढग देते, म्हणून ते या कामात कुठेही वापरू नका. नायट्रिक आम्ल हाताळायची सवय नसेल तर क्लोराइडच्या चाचणीपट्ट्या मिळतात, त्याही चालतात.

गंज काढण्याची रीत

धारेला आणि टोकाला आधी पुठ्ठ्याची टोपी घाला. मूठ पॉलिथिनमध्ये गुंडाळून गार्डजवळ टेप लावा. टेपचा चिकट भाग पात्याला किंवा गार्डला लागता कामा नये.

आधी जुने तेल व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावकाने) पुसून काढा. ॲसिटोन जोरकस असले तरी सेल्युलॉइडची मूठ, लॅकर आणि रंग विरघळवते. लाखेने बसवलेल्या मुठी असलेल्या पेशकब्जासारख्या हत्यारांत अल्कोहोलही सांध्यापासून दूर ठेवा, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि उष्णतेने मऊ पडते.

मग ठिपक्यावर हलक्या खनिज तेलाचा थेंब टाका, वर तेलात भिजवलेला कापसाचा कण ठेवा आणि पॉलिथिनने झाकून २४ तास तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बांबूची काडी पाचरीसारखी तासून ठिपका खरवडा. काडी झिजली की पुन्हा तासा. एका ठिपक्याला दहा-पंधरा मिनिटे लागली तरी लागू द्या. बांबू हरला तर शिवणाची सुई पकडीत धरून, जवळजवळ आडवी ठेवून, फक्त खड्ड्याच्या आत चालवा. काळी कड आली की थांबा, तो पॅटिना आहे. पितळी ब्रशचा मोह टाळा. पितळ पोलादापेक्षा मऊ असते हे खरे, पण ते पात्यावर पिवळा लेप सोडते आणि काळ्या पॅटिनावर तो लांबूनही दिसतो.

चाचणीत क्लोराइड आले नसेल तर इथे थेट सुकवण्याकडे आणि मेणाकडे जा. आले असेल तर ते ओढून काढावे लागते. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट विरघळवा. स्फटिकरूपातला सोडा असेल तर १३ ते १४ ग्रॅम लागतो, कारण त्याचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा सोडा घ्या. कपडे धुण्याच्या सोड्यात मीठ मिसळलेले असू शकते, मग सगळी मेहनत उलटी. द्रावण अल्कधर्मी असल्यामुळे पाणी लागूनही लोखंड लगेच गंजत नाही आणि क्लोराइड बाहेर यायला वेळ मिळतो.

ठिपक्याच्या आकाराचा कापसाचा चपटा बोळा या द्रावणात भिजवून खड्ड्यावर बसवा, पॉलिथिनने झाका आणि तासाने बदला. दिवसात पाच-सहा वेळा हे करा. मध्ये जागा वाळू देऊ नका, नाहीतर मीठ पुन्हा आत बसते. दिवसाच्या शेवटच्या बोळ्याची चाचणी घ्या. सोड्यामुळे सिल्व्हर नायट्रेट स्वतःच पांढरट-पिवळा गाळ देते, म्हणून फसफस पूर्ण थांबेपर्यंत नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने टाका आणि त्यानंतरच चाचणी करा. ही पायरी गाळल्यामुळे पाते स्वच्छ झाल्यावरही लोक आठवडाभर बोळे बदलत बसतात. नमुना आणि तुलनेची नळी सारखी दिसू लागली की काम झाले.

हे द्रावण फक्त उघड्या पोलादावर वापरा. सोन्या-चांदीची कोफ्तगिरी (पोलादावर ठोकून बसवलेले तारकाम), चामडे, शिंग, हस्तिदंत, लाख यांच्या आसपासही ते नको. जडावाचे काम असलेल्या कट्यारीत चालू गंज असेल तर ती संवर्धकाकडेच, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. सोन्याखालचा गंज घरी काढताना सोन्याची तारही निघून येते.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरच्या ओलसर कापसाने सोडा पुसा, लगेच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा आणि पाते ४० ते ४५ अंशांच्या उबदार हवेत तासभर सुकवा. जवळ ज्योत, हीटर असे काही नको. हेअर ड्रायर धराल तर हात लावून पाहा, चटका बसत असेल तर ते शिंगाच्या आणि लाखेच्या मुठीला जास्त आहे.

गार्डच्या फटीतल्या ओलाव्यासाठी ही सोड्याची रीत वापरू नका. ते पाणीही आतच राहील. खंजीर सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे बंद डब्यात, टोक खाली करून ठेवा. मूठ चामड्याची, लाकडाची किंवा शिंगाची असेल तर आर्द्रता ४० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. मग बोथट सुईच्या सिरिंजने फटीत हलके खनिज तेल सोडा, दोन थेंब पुरतात. चामड्याच्या चकत्यांपर्यंत तेल पोचू देऊ नका, त्या काळ्या आणि मऊ पडतात.

मेण

सुकलेल्या, अजून कोमट असलेल्या पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. रेनेसान्स वॅक्स याच जातीचे, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेले. काही मिनिटांनी मऊ सुती कापडाने चकाकी आणा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्या. खड्ड्यात मेण पांढरे साचले तर मऊ ब्रशने काढा. मेण वाफ पूर्ण अडवत नाही, त्यामुळे चालू गंजावर लावलेल्या मेणाखाली गंज निवांत वाढतो आणि वरून उशिरा दिसतो. म्हणूनच मेणाचा क्रम शेवटचा.

तेलच हवे असेल तर शुद्ध खनिज तेल घ्या. बहुतेक वनस्पती तेले हवेत चिकट होतात, आणि त्यांतली स्निग्धाम्ले पितळेवर हिरवा कळंक धरायला लावतात. पाणी हटवणारे फवारे सुकवण्याच्या वेळी उपयोगी आहेत, पण त्यांचा थर पातळ असतो. त्यांच्या भरवशावर वर्ष काढू नका.

टॅनिक आम्ल आणि गंज उतरवणारी द्रावणे का नकोत

टॅनिक आम्ल गंजाला निळसर काळ्या थरात बदलते. नव्या लोखंडी सामानाला ते ठीक आहे. जुन्या पॅटिनाच्या शेजारी तो काळा वेगळा दिसतो आणि परत काढता येत नाही. व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, ईडीटीए (लोह बांधून विरघळवणारे रसायन), इलेक्ट्रोलिसिस हे सगळे गंजासोबत पॅटिनाही खातात, पाते मेल्यासारखे करडे होते. ०००० नंबरचे स्टीलवूलही उंच कडांवरचा पॅटिना आधी कापते, आणि खड्ड्यात पोचतच नाही.

पितळेवरचा हिरवा थर

पात्याइतकाच हा त्रासही परत परत येतो. म्यानाच्या पितळी टोपीवर, गार्डवर किंवा चामड्याला टेकणाऱ्या खिळ्यांवर मेणासारखा मऊ हिरवा थर आला तर ते तांबे आणि चामड्यातली चरबी यांचे साबण आहेत. टूथपिक आणि व्हाइट स्पिरिटने ते सहज निघतात, खालचा तपकिरी पॅटिना शाबूत राहतो. चामड्याला आणखी तेल पाजणे बंद केल्याशिवाय ते येणे थांबणार नाही. थर मऊ नसून फिकट हिरव्या पुडीसारखा असेल आणि खाली खड्डा पडत असेल तर तिथेही क्लोराइड आहे. तो तुकडा वेगळा, कोरडा ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

पितळेच्या चकाकीसाठी अमोनिया असलेले पॉलिश कधीही लावू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करी तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण होता घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि हा उलगडा १९२१ मध्ये झाला. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या, आत ताण राहिलेल्या पातळ पितळी टोप्यांना तोच धोका आहे.

साठवण: इथे तडजोड करावी लागते

मीठ नसलेल्या लोखंडाला ५० टक्क्यांखालची आर्द्रता पुरते. मीठ शिल्लक असेल तर ती २० टक्क्यांखाली न्यावी लागते. पण शिंग, लाकूड, हस्तिदंत, चामडे ३५-४० टक्क्यांखाली गेले की आकसतात आणि तडकतात. ब्रिटिश कमांडोंच्या फेअरबर्न-साइक्ससारखा सबंध धातूचा खंजीर म्यानाविना हाडासारखा कोरडा ठेवता येतो. एम३ किंवा शिंगाच्या मुठीचा खंजीर तसा ठेवता येत नाही, त्याला ४० ते ४५ टक्के द्या. एवढ्या आर्द्रतेत मिठाचा गंज चालूच राहतो, म्हणून अशा खंजिरातले मीठ काढण्याला पर्याय नाही.

डबा पॉलिप्रॉपिलीनचा, सिलिकोन गॅस्केटचा घ्या. दर लिटरला २० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम. मिश्र साहित्याच्या खंजिराला जेल थोडे थोडे घालत हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) पाहा, एकदम सगळे ओतू नका. केशरी जेल हिरवे पडले की ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. निळ्या जेलमधला कोबाल्ट विषारी असतो, ते टाळा. जेलचे दाणे पात्याला लागू देऊ नका.

हायग्रोमीटर खरे सांगतो का, हेही बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखे होईल इतकेच पाणी घाला. झाकण आणि हायग्रोमीटर बंद पिशवीत बारा तास ठेवा. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा, जो फरक पडेल तो पुढे वजा-अधिक धरा. ही पिशवी खंजिराच्या खोलीत उघडू नका.

ओक लाकूड, एमडीएफ आणि प्लायवुडमधून आम्लाची वाफ निघते, पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू शकते, लोकर आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मखमली अस्तराची सुंदर लाकडी पेटी फोटोपुरतीच ठेवा. खंजीर पॉलिथिन फोमच्या खाचेत, म्यान शेजारी दुसऱ्या पिशवीत. चामड्याचे म्यान हाताला लालसर भुकटी देत असेल तर ते पाण्याने पुसू नका, जागीच काळे आणि कडक होते. त्याला संवर्धक अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचे १-२ टक्के द्रावण देतात.

उपचारानंतर पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी नकाशा घेऊन तेच ठिपके भिंगाखाली पाहा, नंतर दर सहा महिन्यांनी. तीन फेऱ्यांनंतरही त्याच खड्ड्यात थेंब दिसला तर मीठ भेगेत खोल गेले आहे. अशा पात्याला सल्फाइटच्या अल्कधर्मी द्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवावे लागते. त्यासाठी मूठ सुटी करावी लागेल की नाही हे ठरवणे संवर्धकाचे काम आहे. तोवर पाते कोरडे ठेवा आणि म्यानात घालू नका.